छोट्या मिररलेस कॅमेऱ्याला लेन्स घेताना: आधी अंतर मोजा, मग उजेड बघा

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" लेन्सच्या बाबतीत हा प्रश्न तिसरा. पहिला, कितीवरून काढणार? दुसरा, उजेड कसला असणार? ही दोन उत्तरं पक्की असली की पर्याय दोन-तीनच उरतात. नसली की "सगळं एकातच होतंय बघा" म्हणत एखादी लांबलचक झूम गळ्यात पडते. ती रात्रीच्या मिरवणुकीत चालत नाही आणि दांडेलीच्या धनेशापर्यंत पोचतही नाही.

खालचं सगळं मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यांना धरून आहे. ऑलिंपस आणि पॅनासॉनिकनं मिळून २००८ साली ही पद्धत आणली. दोघांच्या लेन्स एकमेकांच्या बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. ऑलिंपसचा कॅमेऱ्यांचा व्यवसाय २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्यूशन्सकडे आहे, त्यामुळे नव्या लेन्सवर 'ओएम सिस्टिम' असं नाव दिसतं, माउंट (लेन्स बसवायची जागा) तोच. सोनी, फुजी, निकॉन किंवा कॅननचा एपीएस-सी कॅमेरा (फोटो टिपणारा सेन्सर याहून मोठा असलेला) असेल तर लेन्सची नावं वेगळी, हिशेब तोच. फक्त एक आकडा बदलायचा, तो लगेच पुढे आहे.

गल्लीचा हिशेब

मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर १७.३ मिमी रुंद आणि १३ मिमी उंच असतो. फ्रेममध्ये किती मावेल हे काढायला सेन्सरच्या रुंदीला अंतरानं गुणायचं आणि फोकल लेंथनं, म्हणजे लेन्सच्या मिमीच्या आकड्यानं, भागायचं. अंतर मीटरमध्ये घेतलं की उत्तरही मीटरमध्ये येतं. एपीएस-सीला १७.३ च्या जागी २३.५ घ्या, कॅननला २२.३.

समजा बेळगावातल्या अरुंद गल्लीत मंडळाची बारा फुटी मूर्ती आहे, म्हणजे साधारण ३.७ मीटर. मागे भिंत, तुम्हाला सरकायला जागा चारच मीटर. कॅमेरा उभा धरून (म्हणजे १७.३ ची बाजू उंचीला) २५ मिमीची लेन्स लावली तर १७.३ × ४ ÷ २५, म्हणजे २.८ मीटर मावतं. मुकुट धरला तर पाय जातात, पाय धरले तर मुकुट. तेच १४ मिमीला ४.९ मीटर मावतं: खाली चौरंग, वर मंडपाची झालर, सगळं येतं. म्हणजे या कामाला नवी लेन्स लागतच नाही, कॅमेऱ्याबरोबरच येणाऱ्या किट झूमचं, १४-४२ चं, रुंद टोक पुरतं.

आता उलटं बघा. कुस्तीच्या मैदानात कडेला बसलात, जोड दहा मीटरवर. दोन्ही पैलवान नीट मावायला अडीच मीटर रुंदी हवी. १७.३ × १० ÷ २.५ म्हणजे ६९. इथे पाऊलभर मागे सरकून ७५ मिमीची लेन्स बसते, २५ ची नाही. अंतर मोजायला टेप नको, साधं पाऊल पाऊण मीटर धरा.

लेन्स घेण्याआधी एक रविवार असा घालवा: किट झूम २५ वर ठेवा, रिंगला चिकटपट्टी लावा आणि दिवसभर तिला हात लावू नका. पुढच्या रविवारी ४२ वर. कोणत्या दिवशी जास्त चिडचिड झाली ते लक्षात ठेवा. विजेवर चालणाऱ्या झूमला चिकटपट्टीचा उपयोग नाही, तिथे स्क्रीनवरचा आकडा बघून शिस्त पाळावी लागते. आणि काढून ठेवलेले जुने फोटो कॉम्प्युटरवर उघडून प्रत्येकाची फोकल लेंथ बघा. निम्मे फोटो झूमच्या लांब टोकाला अडकलेले दिसले तर तुम्हाला काय हवंय हे सांगायला दुकानदाराची गरज नाही.

रुंद लेन्स पहिली घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. खिशातल्या फोनचा मुख्य कॅमेरा मायक्रो फोर थर्ड्सच्या १२-१३ मिमीइतकंच दाखवतो. पैसे घालायचे ते फोनला जे जमत नाही त्यावर घाला.

रात्रीची मिरवणूक

बेळगावची वैशाखातली शिवजयंती म्हणजे चित्ररथ, आणि चित्ररथ म्हणजे रात्र. एफ/ चा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) मोठं. किट लेन्स ४२ मिमीला एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. समजा रथावरच्या दिव्यात एफ/१.८, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ला फोटो बरोबर येतोय. तोच किट लेन्सवर काढायला गेलात तर आयएसओ ३१,००० च्या घरात जातो. यातल्या बहुतेक बॉडी २५,६०० ला थांबतात, आणि ६४०० च्या पुढे या लहान सेन्सरवर चेहऱ्यावर रवा पसरल्यासारखा दिसतो. मग शटर खाली आणावं लागतं आणि माणसं हलतात.

इथे स्टॅबिलायझेशनवर भरवसा ठेवून लोक फसतात. ते तुमचा हात स्थिर करतं, लेझीम खेळणाऱ्याचा नाही. लेझीम, झांज, ढोल गोठवायचे असतील तर १/२५० हवं. मुद्दाम हललेलं दाखवायचं असेल तर १/३० ठेवा आणि नाचणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवा. मधलं १/६० ना धड इकडे ना तिकडे.

एलईडीच्या माळांमुळे फोटोत आडवे पट्टे आले तर दोष लेन्सचा नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून अशा ठिकाणी शटर १/१०० किंवा १/५० ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल वापरा.

या कामाच्या लेन्स कोणत्या? ऑलिंपसची ४५ मिमी एफ/१.८ फक्त ११६ ग्रॅमची. तीन मीटरवरून १.१५ मीटर रुंदी दाखवते, म्हणजे डोक्यापासून कमरेपर्यंतचा माणूस. तिची अडचण एकच, अर्ध्या मीटरपेक्षा जवळचं फोकस होत नाही. पॅनासॉनिकची ४२.५ मिमी एफ/१.७ ३१ सेंमीपर्यंत जवळ जाते आणि तिच्यात स्वतःचं स्टॅबिलायझेशन आहे. पॅनासॉनिक जी७ सारख्या बॉडीत ते नसतं, त्या बॉडीला हीच घ्यावी. सिग्माची ५६ मिमी एफ/१.४ याहून उजेडाची, पण जड आणि लांब. आधी ४५ वापरून कमी पडली तरच तिच्याकडे वळा. कुस्तीला ऑलिंपसची ७५ मिमी एफ/१.८ अतिशय धारदार आहे, पण ३०५ ग्रॅम वजन आणि किंमत बघून, मैदानं नेमानं करणाऱ्यांनीच घ्यावी.

पॅनासॉनिकची चपटी २० मिमी एफ/१.७ खिशात मावते म्हणून आवडते. तिचा ऑटोफोकस संथ आहे. देवळात, घरात उत्तम. मिरवणुकीत फोकस बसेपर्यंत पथक पुढच्या चौकात गेलेलं असतं.

घरातलं, स्वयंपाकघरातलं

२५ मिमीच्या लेन्सला 'नॉर्मल' म्हणून हलकं लेखतात. पण ज्याला एकच प्राइम (झूम नसलेली लेन्स) घ्यायची आहे त्यानं हीच घ्यावी: पॅनासॉनिकची एफ/१.७ किंवा ऑलिंपसची एफ/१.८. बारसं, हळद, सुपारी फुटणं, सगळं साधारण दीड ते तीन मीटरवर घडतं आणि घरातल्या ट्यूबलाइटमध्ये घडतं.

मांडे करतानाचा फोटो घ्या. हातावर पसरत गेलेला मांडा, समोर पालथं तापलेलं भांडं, मागे चेहरा. १.२ मीटरवरून २५ मिमीला ८३ सेंमी रुंदी मिळते, हात आणि चेहरा दोन्ही येतात. पण एफ/१.७ ला फोकसमधली खोली जेमतेम १२ सेंमी असते. हात चेहऱ्यापासून वीतभर पुढे, म्हणून दोन्हींपैकी एक धूसर. एफ/२.८ ला ती खोली १९ सेंमी होते, एफ/४ ला २८. इथे उजेडाची लेन्स पूर्ण उघडून वापरायची नसते. एफ/४ ठेवून १/१०० ला आयएसओ किती जातो ते बघा. ३२०० च्या आत राहिला तर तसंच काढा. नाही राहिला तर एफ/२.८ ला या आणि फोकस हातावर ठेवा, कारण गोष्ट हातात घडतेय. पिठाची धूळ आणि वाफ लेन्सवर बसते, ती कापडानं आधी पुसू नका. ब्लोअरनं उडवा, मगच पुसा.

हलसी, कमल बस्ती, गोकाक

स्थिर गोष्टींना हिशेब बदलतो. हलसीचं भूवराह नृसिंहाचं देऊळ किंवा बेळगावच्या किल्ल्यातलं १२०४ सालचं जैन मंदिर कमल बस्ती, आत उजेड कमी असला तरी दगडी खांब हलत नाहीत. इथे स्टॅबिलायझेशन खरं उपयोगी पडतं. बॉडीत ते असेल तर किट लेन्सच्या १४ मिमीला १/८ ला, श्वास रोखून, तीन-चार फोटो काढा. एक धारदार निघतोच. एफ/१.८ लागत नाही. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉडला परवानगी लागते, त्यामुळे हातात धरूनच जमवायची सवय ठेवा. छत पूर्ण मावत नसेल तर कॅमेरा उभा धरून पाच फोटो, प्रत्येक आधीच्यावर तिसऱ्या हिश्श्यानं चढवून काढा आणि नंतर जोडा. तरीही रुंद लेन्स हवीच असेल तर ऑलिंपसची ९-१८ मिमी १५५ ग्रॅमची आहे.

गोकाकचा धबधबा ५२ मीटर उंच. शंभर मीटरवरून आडव्या फ्रेममध्ये तेवढी उंची बसवायला १३ × १०० ÷ ५२, म्हणजे २५ मिमी. लोक तिथे रुंद लेन्स लावतात आणि धबधबा फोटोत चिमूटभर दिसतो. पाणी दुधासारखं हवं असेल तर ढगाळ दुपारी एफ/८, आयएसओ २०० ला १/२५० येतं असं धरा. एनडी ६४ या उजेड कमी करणाऱ्या फिल्टरनं तेच १/४ सेकंद होतं. शटर त्याहून हळू करायला एफ/११, एफ/१६ ला जाऊ नका. या सेन्सरवर एफ/८ च्या पुढे डिफ्रॅक्शननं (बारीक छिद्रातून उजेड पसरल्यानं) बारकावे मऊ पडायला लागतात. फिल्टर एकच घ्या, ५८ मिमीचा. तोंडाचा व्यास ३७ किंवा ४६ मिमी असलेल्या लेन्सना स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर बसवणारी जोडकडी) लावून तोच चालतो. मात्र रिंग लावली की लहान लेन्सचा हूड बसत नाही, म्हणजे तुषारांचे थेंब सरळ काचेवर.

लांबचं आणि जवळचं

पक्ष्यांना ३०० मिमीच्या खाली समाधान होत नाही. वीस मीटरवर ३०० मिमीला १.१५ मीटर रुंदी मिळते. धनेश छान भरतो, पण खंड्या फ्रेमच्या पाव भागात बसतो. घटप्रभेच्या अभयारण्यात करकोचे पन्नास मीटरवर असतील तर फ्रेम २.९ मीटरची होते. तिथे एकटा पक्षी नाही, थवा काढा. थंडीतही दहानंतर जमिनीवरची तापलेली हवा लांबचं सगळं पाण्यातून बघितल्यासारखं करते. त्याला कोणतीच लेन्स पुरी पडत नाही, सकाळी लवकर जाणं एवढाच उपाय.

पॅनासॉनिकची १००-३०० एफ/४-५.६ सुमारे ५२० ग्रॅम, स्टॅबिलायझेशनसह. ऑलिंपसची ७५-३०० त्याहून हलकी, पण लांब टोकाला एफ/६.७ आणि तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. ती पॅनासॉनिकच्या साध्या बॉडीवर लावू नका. बॉडीतलं आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन एकत्र काम करण्याची सोय एकाच कंपनीची जोडी असेल तरच मिळते, हेही विसरू नका. जंगलातल्या सावलीत १/५०० च्या खाली उतरायचं नाही. आयएसओ ३२०० झाला तरी चालेल, हललेला पक्षी नको. हे परवडत नसेल तर १९० ग्रॅमची ४०-१५० एफ/४-५.६ घ्या. पक्ष्यांना अपुरी, पण बैलगाड्यांची शर्यत, शाळेची क्रीडास्पर्धा आणि डोंगरावरच्या धुक्याला ती स्वस्तात मस्त आहे.

पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, आंबोली भागात रात्री बेडूक शोधणाऱ्यांना मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढायची लेन्स, हवी. ऑलिंपसची ६० मिमी एफ/२.८ या प्रणालीतली सर्वांत उपयोगी मॅक्रो आहे. १:१ ला (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी पडते तेव्हा) लेन्सच्या टोकापासून विषयापर्यंत ९ सेंमी अंतर राहतं, त्यात फ्लॅशचा उजेड शिरतो. पॅनासॉनिकची ३० मिमी मॅक्रो १:१ ला बेडकापासून २-३ सेंमीवर नेते. स्वतःचीच सावली पडते आणि बेडूक उडी मारतो. अडीच सेंमीच्या झाडबेडकाला पूर्ण १:१ लागतही नाही, तिथे फ्रेम फक्त १७ मिमी रुंद असते. अर्ध्या प्रमाणावर, ३५ मिमीच्या फ्रेममध्ये, तो अंगभर येतो. १:१ ला एफ/८ ठेवूनही फोकसमधली खोली अर्धा मिलिमीटर असते. फोकस डोळ्यावर, ऑटोफोकस बंद, आणि अंग पुढे-मागे करून फोकस साधायचा. हातात धरून, लहान फ्लॅशवर पांढरा डिफ्यूझर लावूनच हे जमतं. अंतर सांभाळा, बेडकाला हात लावू नका. आणि हिरव्या घोणसाच्या वेळी ९ सेंमीचा मोह अजिबात नको.

६० मिमी मॅक्रो आणि १२-४५ एफ/४ झूम या दोन्हींना पावसापासून संरक्षण आहे, ४५ एफ/१.८ किंवा ४०-१५० च्या साध्या लेन्सला नाही. आणि बॉडी तशी नसेल तर लेन्सच्या रबराचा फारसा फायदा नाही, पाणी बॉडीतून आत जातं.

जुन्या लेन्स आणि वापरलेल्या लेन्स

घरी निकॉन किंवा कॅननच्या जुन्या लेन्स पडलेल्या असतात. अ‍ॅडॉप्टर लावून त्या बसतात, पण ५० मिमी इथे १०० सारखी दिसते आणि फोकस हातानं करावा लागतो. बॉडीत लेन्स नसतानाही शटर उडण्याचा पर्याय चालू करा आणि स्टॅबिलायझेशनला फोकल लेंथ हातानं सांगा, नाहीतर फोटो उलट जास्त हलतो. निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्सवर अ‍ॅपर्चर रिंगच नसते, त्यासाठी रिंग असलेला अ‍ॅडॉप्टर लागतो. कॅननच्या ईएफ लेन्सचं अ‍ॅपर्चर विजेवर चालतं. साध्या अ‍ॅडॉप्टरवर ते पूर्ण उघडंच राहतं. हे न बघता अ‍ॅडॉप्टर मागवणारे बरेच.

बेळगावच्या खडेबाजारातून असो, कोल्हापुरातून असो की ओळखीच्या माणसाकडून, वापरलेली लेन्स घेताना बॉडी बरोबर न्या. पुढून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि मागून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, घेऊ नका. धुळीचे चार कण निरुपद्रवी. झूम फिरवताना करकर, अडखळणं, किंवा सोन्याच्या संपर्कांवर हिरवट डाग दिसले तर परत द्या. मग 'तरुण भारत'ची चार पानं भिंतीवर चारही कोपऱ्यांना चिकटवा, कॅमेरा टेबलावर ठेवून भिंतीशी समांतर करा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन बंद. फोटो पूर्ण मोठा करून अक्षरं वाचा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर ठीक. डावी बाजू वाचता येते आणि उजवी नाही, तर लेन्स आतून सरकलेली आहे. ती दुरुस्त होत नाही असं नाही, पण खर्च लेन्सच्या किमतीच्या जवळ जातो. झूम असेल तर दोन्ही टोकांना हीच तपासणी करा. बिलावर सीरियल नंबर आहे का तेही बघा.

पाऊस संपेपर्यंत

खानापूर तालुक्यात जूनपासून कपाटातल्या चामड्यावर बुरशी येते, तशीच लेन्सवर येते. साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर आर्द्रता, अंधार आणि थोडी धूळ एवढं तिला पुरतं. कापडी बॅगेत, कपड्यांच्या कपाटात लेन्स ठेवू नका. दहा लिटरचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात २५० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० च्या मध्ये ठेवा. ३० च्या खाली वंगण आणि रबर कोरडं पडतं. निळं जेल गुलाबी झालं की १२० अंशांना दोन तास तापवून, झाकून गार करून परत घाला. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून पुन्हा कधी अन्न शिजणार नाही अशाच भांड्यात आणि ओव्हनमध्ये; नाहीतर नारिंगी जेल घ्या. डबा आठवड्यातून एकदा उघडा, लेन्स बाहेर काढून वापरा, पुसून ठेवा. एसी गाडीतून चोर्ल्याच्या दमट हवेत उतरताना बॅग अर्धा तास बंद ठेवा, नाहीतर काच धुरकटते आणि तोच ओलावा आत राहतो. एखाद्या लेन्सला बुरशी लागलीच तर ती बाकीच्यांपासून वेगळ्या डब्यात ठेवा.